उजेडाचा जमाखर्च

चित्रपट हा पैशाचा खेळ आहे असें पुष्कळ दिवसांपासून सांगितलें जातें, आणि तें खोटेंहि नाहीं. तथापि चित्रपटाचें मूळ द्रव्य पैसा नव्हे, उजेड होय. भिंगांतून आंत शिरलेला उजेड पूर्वीं रासायनिक लेप दिलेल्या फिल्मवर उमटत असे. आतां तिच्या जागीं विजेच्या साहाय्यानें काम करणारा संवेदक आला आहे. उजेडावांचून दोहोंचेंहि कांहीं चालत नाहीं. फिल्मच्या काळांत नवख्या माणसाची बहुतेक शिल्लक कच्ची फिल्म विकत घेण्यांत आणि ती धुण्यांत संपून जाई. तो खर्च आज उरलेला नाहीं. खिशांतल्या फोनवरहि लहानसा चित्रपट काढतां येतो, आणि मुंबई-पुण्याच्या स्टुडिओंपासून दूर असलेल्या बीडसारख्या जिल्ह्यांतला तरुणहि तो काढण्याचें मनांत आणूं शकतो. यंत्र स्वस्त झालें. उजेडाचे नियम मात्र होते तेच राहिले. म्हणूनच हौशी चित्रपटांतील बहुतेक दोष यंत्राचे नसून उजेडाचे असतात. आकाश पांढरेंफटक झालेलें, चेहरा काळवंडलेला, घरांतलें दृश्य दाणेदार होऊन मळलेलें, दिव्याखालचें चित्र थरथरणारें, असे हे ठराविक दोष आहेत. यांपैकीं प्रत्येकाला कारण आहे, आणि बहुतेकांवर थोड्या पैशांत उपायहि आहे.

हा प्रश्न नवा नाहीं. ज्यांच्यापाशीं पुरेसे दिवे नव्हते अशाच लोकांनीं ही कला उभी केली. अमेरिकेंत एडिसनच्या प्रयोगशाळेजवळ १८९३ सालीं चित्रीकरणासाठीं जी खोली बांधण्यांत आली, तिचें छप्पर उघडतां येत असे, आणि सूर्य जसजसा सरके तसतशी ती सबंध खोली रुळावरून फिरवीत. फ्रान्समध्यें मेलिएस यानें १८९७ सालीं माँत्रय येथें कांचेचा स्टुडिओ बांधला. दादासाहेब फाळके यांनीं १९१२ सालीं दादरला ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रित केला तो सूर्याच्याच भरंवशावर. ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत तो लोकांपुढें आला. त्या काळची फिल्म तांबड्या रंगाला जवळजवळ आंधळी होती. त्यामुळें सांवळा चेहरा आहे त्याहून काळा उमटे आणि निळें आकाश कोऱ्या कागदासारखें येई. फाळक्यांच्या मागून कोल्हापुरास बाबूराव पेंटर यांनीं महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. नाटकांचे पडदे रंगविण्यांत ज्यांचा हात तयार झाला होता अशा या चित्रकारानें स्वतःचा कॅमेराहि कोल्हापुरांतच तयार केला, आणि १९२५ सालीं ‘सावकारी पाश’ या चित्रपटांत कर्जानें नागवलेल्या शेतकऱ्याची कथा पडद्यावर आणली. शेतकऱ्याचें जिणें दाखवावयाचें तर त्याच्या झोंपडींतला अंधारहि दाखविणें आलें. उजेड कोठून येतो आणि कोठें संपतो हें चित्रकार रोजच पाहत असतो. तीच नजर छायालेखकाला हवी असते, आणि ती भाड्यानें मिळत नाहीं.

चित्रावर उजेड किती पडावा हें तीन गोष्टींनीं ठरतें. पहिली गोष्ट भिंगाचें छिद्र. तें जितकें मोठें तितका उजेड अधिक. छिद्राचें माप एफ या अक्षरापुढील आंकड्यानें देतात, आणि आंकडा जितका लहान तितकें छिद्र मोठें, ही उलटी रीत नवख्याला प्रथम गोंधळांत टाकते. २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२ अशी ती पायऱ्यांची ओळ असून दर पायरीला उजेड निम्मा होत जातो. दुसरी गोष्ट म्हणजे एकेक चित्र घेतलें जाण्याचा काळ, आणि तिसरी संवेदकाची ग्रहणशक्ति, जिला आय. एस. ओ. या संज्ञेनें ओळखतात. साधें छायाचित्र काढणाऱ्याला या तिन्हींत मोकळीक असते. चित्रपट काढणाऱ्याला ती नसते. सेकंदाला २४ किंवा २५ चित्रें घ्यावयाचीं आणि माणसाची हालचाल डोळ्यांना सहज वाटावयाची, तर एकेका चित्राला सुमारें पन्नासांश सेकंद द्यावा लागतो. तो काळ फार कमी केला तर धांवणारा माणूस झटक्याझटक्यानें पुढें सरकल्यासारखा दिसतो. म्हणजे तीन किल्ल्यांपैकीं एक पहिल्यापासूनच अडकलेली.

आतां बीडच्या रणरणत्या उन्हाचा हिशेब पाहावा. छायालेखकांचा जुना ठोकताळा असा कीं, निरभ्र उन्हांत छिद्र १६ ठेवावें, आणि ग्रहणशक्तीचा जो आंकडा असेल तितकावा सेकंदाचा भाग हा काळ धरावा. अनेक आधुनिक कॅमेऱ्यांची मूळ ग्रहणशक्ति ८०० असते. तेव्हां ठोकताळ्यानें काळ येतो सेकंदाचा आठशेंवा भाग. परंतु आपल्याला तर पन्नासावा भाग हवा, म्हणजे सोळापट उजेड अधिक आंत येणार. तो आवरण्यासाठीं छिद्र आणखी चार पायऱ्या बारीक करीत ६४ पर्यंत न्यावें लागेल, आणि तितकें बारीक छिद्र या भिंगांना नसतेंच. अशा वेळीं नवखा मनुष्य काळ कमी करून मोकळा होतो, किंवा त्याचा फोन तें काम त्याला न विचारतां करतो. खरा उपाय भिंगापुढें करडी कांच लावण्याचा होय. ही कांच रंगांत फरक न पाडतां उजेड तेवढा कमी करते. छिद्र ५.६ वर ठेवावयाचें असेल तर ६४ पासून सात पायऱ्या यावें लागतें. म्हणजे १२८ भागांपैकीं एकच भाग उजेड आंत सोडणारी कांच हवी. नव्या भिंगाच्या मानानें ही वस्तु स्वस्त असते. ज्याच्यापाशीं मोजके पैसे आहेत त्यानें दुसरें भिंग घेण्याआधीं ही कांच घ्यावी.

दुसरा हिशेब सूर्याच्या उंचीचा. चित्रीकरणावरचीं बरींचशीं पुस्तकें इंग्लंड-अमेरिकेंत लिहिलेलीं असून त्यांनीं तेथलाच सूर्य गृहीत धरलेला असतो. बीड शहर सुमारें १९ उत्तर अक्षांशावर आहे. वर्षांतून दोनदां, मे महिन्याच्या मध्यास व जुलैच्या अखेरीस, येथें भर दुपारीं सूर्य नेमका डोक्यावर येतो. जुलैंत ढगांचा आडोसा तरी असतो. मे महिन्यांत तोहि नसतो. अशा सूर्याखालीं कपाळ आणि नाकाचा शेंडा लखलखतो, डोळ्यांच्या खोबणींत काळोख सांठतो आणि ओठाखालीं काळी सांवली पडते. नटाचे डोळे दिसले नाहींत तर त्याचा निम्मा अभिनय वायां गेला. घड्याळाचाहि येथें एक बारकावा आहे. भारताची प्रमाणवेळ ज्या रेखांशावरून धरतात तो बीडच्या बराच पूर्वेस असल्यामुळें बाराच्या ठोक्याला येथें खरी दुपार होत नाहीं. मे महिन्याच्या मध्यास ती १२ वाजून २३ मिनिटांच्या सुमारास होते.

यासाठीं कोणतेंहि यंत्र न लागणारें एक माप आहे, तें सांवलीचें. माणसाची सांवली त्याच्या उंचीइतकी असते तेव्हां सूर्य ४५ अंशांवर असतो. सांवली उंचीपेक्षां लांब असेल तोंपर्यंत चेहऱ्यावरचें ऊन कामाचें; ती आंखूड झाली कीं काम आडोशाला न्यावें. या मापानें पाहिलें तर मे महिन्याच्या मध्यास बीडला सकाळीं सव्वानऊपासून दुपारीं साडेतीनपर्यंत, म्हणजे सहा तासांहून अधिक वेळ, सूर्य या मर्यादेच्या वर असतो. उलट डिसेंबरच्या अखेरीस तो भर दुपारींहि साडेसत्तेचाळीस अंशांच्या पलीकडे चढत नाहीं, आणि मर्यादेच्या वर राहतो तो जेमतेम दोन तास. ज्याला दिव्यांवर खर्च करतां येत नाहीं त्यानें मार्गशीर्ष-पौषाचे दिवस धरावे. दिवसभर तिरपें ऊन त्याला फुकट मिळतें.

संध्याकाळच्या सोनेरी उन्हाची गोष्टहि अशीच आहे. पुस्तकांत तो काळ तासाभराचा सांगितलेला असतो. लंडनमध्यें मार्च-सप्टेंबरांत, दिवस-रात्र समान असतांना, सूर्य दहा अंशांवरून क्षितिजाला टेकण्यास एक तासाहून थोडा अधिक वेळ घेतो. बीडला तो अधिक उभा उतरतो आणि तेवढेंच अंतर सुमारें बेचाळीस मिनिटांत कापतो. त्यांतून गांव बालाघाटाच्या एखाद्या रांगेच्या कुशींत असेल तर ऊन त्याहि आधीं डोंगराआड जातें. तेव्हां पुस्तकावर विसंबून पांच-सहा प्रसंग संध्याकाळवर टाकणारा मनुष्य दोनच उरकून घरीं परततो. शहाणा मनुष्य दुपारीं झाडाखालीं तालीम पक्की करून घेतो, कॅमेऱ्याची जागा खुंटी ठोकून ठरवितो, आणि संध्याकाळवर एकच प्रसंग ठेवतो.

यापुढचा दोष अधिक सूक्ष्म आहे, आणि त्याचे परिणाम केवळ तांत्रिक नाहींत. कॅमेऱ्यांतील उजेडमापक यंत्र समोरून परत येणारा उजेड मोजतें, आणि समोरचें जग सरासरीनें मध्यम राखी रंगाचें आहे असें धरून चालतें. मध्यम राखी म्हणजे पडलेल्या उजेडापैकीं शंभरांत सुमारें अठरा भाग परत करणारा रंग. बीडच्या शिवारांत हें गृहीत कोलमडतें. पावसानें भिजलेली काळी माती शंभरांत दहाहून कमी भाग परत करते. स्वच्छ धुतलेलें पांढरें धोतर किंवा वेचणीला आलेला कापूस सहज सत्तर-ऐंशीं भाग परत करतो. नांगरटीच्या काळ्या रानांत उभ्या माणसाकडे यंत्र रोखलें तर दृश्य अंधारें आहे असें समजून तें उजेड वाढवितें, आणि माणसाचा फेटा नुसता पांढरा डाग होऊन बसतो. फुटलेल्या कापसांत तोच माणूस उभा केला तर यंत्र उजेड कमी करतें, आणि चेहऱ्याच्या जागीं काळी आकृति उरते. दोन्हीं वेळां माणूस तोच, ऊन तेंच. बदललें तें त्याच्या मागचें शेत.

उन्हांत राबणाऱ्या माणसाचा चेहरा सांवळा असतो. त्याच्या मागें उघडें आकाश घेऊन चित्र काढलें, आणि आकाशाचा निळेपणा टिकावा म्हणून उजेड आवरला, तर चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, डोळ्यांतला भाव, सारें एका काळ्या ठिपक्यांत बुडून जातें. उलट यंत्राच्या सरासरीवर सोडलें तर तोच चेहरा राखेसारखा फिका येतो. हा दोष यंत्रांत पूर्वापार चालत आला आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत रंगीत चित्रांचे रंग जुळविण्यासाठीं प्रयोगशाळांकडे जीं नमुन्याचीं चित्रें पाठविलीं जात, त्यांवर दीर्घ काळ गोऱ्या स्त्रियांचेच चेहरे असत. गोरी कातडी बरोबर आली म्हणजे सर्व बरोबर आलें असें मानलें जाई. म्हणून छिद्र किती ठेवावें हा प्रश्न वस्तुतः कोणाचा चेहरा दिसावा हा प्रश्न आहे. ऊंसतोडणी कामगाराची कथा सांगावयाची आणि पडद्यावर त्याच्याऐवजीं आकाशच नीट दिसावयाचें, तर ती कथा सांगितलीच गेली नाहीं.

उपाय सोपा आहे. मापन पार्श्वभूमीवरून न करतां चेहऱ्यावर जो उजेड पडतो त्यावरून करावें. त्यासाठीं राखी पुठ्ठ्याचा तुकडा चेहऱ्याजवळ धरून त्यावर माप घेतात. तोहि नसेल तर तळहात चालतो. माणसामाणसांत चेहऱ्याचा रंग जितका बदलतो तितका तळहाताचा बदलत नाहीं, आणि तळहात मध्यम राखीच्या सुमारें दुप्पट उजेड परत करतो; तेव्हां तळहातावर घेतलेल्या मापापेक्षां एक पायरी उजेड वाढविला म्हणजे झालें. फोनवर चित्रीकरण करणाऱ्यानें हें माप एकदां ठरलें कीं कुलूपबंद करावें. नाहीं तर पांढऱ्या धोतराचा मनुष्य समोरून गेला कीं सबंध दृश्य क्षणभर काळवंडतें आणि पुन्हां उजळतें, आणि प्रेक्षकाचें लक्ष कथेवरून उडतें. आकाश जळून पांढरें होत असेल तर कॅमेरा थोडा उंच धरून आकाशाऐवजीं टेंकाड, कडबा किंवा झाडी मागें घ्यावी. अतिउजेडानें संवेदकावर जें कोरें पांढरें झालें तें नंतर कोणत्याहि युक्तीनें परत मिळत नाहीं. थोडें काळोखें राहिलेलें मात्र कांहीं अंशीं उजळतां येतें. फिल्मची रीत याच्या नेमकी उलट होती, आणि जुन्या लोकांचे सल्ले ऐकतांना हा फरक ध्यानांत ठेवावा लागतो.

आतां कडक उन्हाला मऊ करण्याचा विचार. प्रकाश मऊ कीं कठोर हें त्याच्या तेजावर नव्हे, तर चेहऱ्याच्या मानानें तो केवढ्या आकाराच्या वस्तूपासून येतो यावर अवलंबून असतें. सूर्य मोठा खरा, पण आकाशांत तो रुपयाएवढाहि दिसत नाहीं. म्हणून त्याची सांवली धारदार पडते. तोच प्रकाश मोठ्या कापडांतून गाळून आणला तर तें सबंध कापडच प्रकाशाचें उगमस्थान होतें आणि सांवलीची धार बोथट होते. चार बांबूंच्या चौकटीवर ताणलेलें मांजरपाट किंवा जुनें पांढरें धोतर हें काम उत्तम करतें. कापड पांढरेंच असावें. रंगीत कापडाखालीं चेहऱ्यालाहि तोच रंग चढतो. चौकटीला दोरीनें दगड बांधावे, कारण माळरानावरचा वारा तिचें शीड करण्यास वेळ लावीत नाहीं.

सांवलीच्या बाजूला उजेड टाकण्यासाठीं पांढरी वस्तु समोर धरतात. पुठ्ठ्याला चंदेरी कागद चिकटविला तर उजेड जोरानें व दूरवर जातो. पण त्यानें नटाचे डोळे मिटूं लागतात. तेव्हां दुरून घेतलेल्या दृश्यास चंदेरी आणि जवळच्या चेहऱ्यास साधा पांढरा, हा नियम बरा. निसर्गांतहि अशीं पांढरीं फळीं सांपडतात. चुना दिलेली भिंत, वाळूचें पात्र, उफणणीनंतर खळ्यांत पडलेला भुसा, हीं सर्व खालून किंवा बाजूनें उजेड देतात. पाण्याचें मात्र तंत्र निराळें. सूर्य डोक्यावर असतांना पाणी शंभरांत दोनच भाग परत करतें, तो दहा अंशांवर उतरला कीं एक तृतीयांश परत करतें. बीडचें कंकालेश्वराचें मंदिर पाण्यानें वेढलेलें आहे. त्याचा काळा दगड दुपारीं सारा उजेड पिऊन टाकतो. परंतु पाणी भरलेलें असतांना सकाळीं किंवा सायंकाळीं तेथें पाहावें, म्हणजे पाण्यावरून उलटलेल्या उन्हानें दगडावरची कोरीव नक्षी खालच्या बाजूनें कशी उजळते हें समजतें.

कापडाच्या या युक्तीला गरिबाची तडजोड समजूं नये. सत्यजित राय यांच्या १९५६ सालच्या ‘अपराजितो’ चित्रपटासाठीं काशींतल्या घराचा चौक स्टुडिओंत उभारावा लागला. तशा चौकांत ऊन थेट उतरत नाहीं. वरून येतो तो आकाशाचा मऊ, सांवलीविरहित उजेड. स्टुडिओंतल्या दिव्यांनीं तो येईना, कारण प्रत्येक दिवा आपापली सांवली पाडी. छायालेखक सुब्रत मित्र यांनीं चौकावर पांढरें कापड ताणलें आणि दिवे खालून त्या कापडावर सोडले. कापडावरून परतलेला उजेड हुबेहूब आकाशासारखा पडला. उलटविलेल्या उजेडाची ही रीत पुढें सर्वत्र रूढ झाली. तिच्या मुळाशीं एक साधें कापड आहे.

घरांतलें चित्रीकरण ही खरी परीक्षा. भर उन्हांत सुमारें एक लाख लक्स इतका उजेड असतो, झाडाच्या सांवलींत दहा-वीस हजार, आणि मराठवाड्यांतल्या जुन्या माळवदाच्या घरांत दारापासून चार हात आंत गेलें कीं शंभर-दोनशें. जाड मातीच्या भिंती आणि लहान खिडक्या उन्हाळ्यांत माणसाला गारवा देतात, पण कॅमेऱ्याला उपाशी ठेवतात. डोळा या फरकाशीं क्षणांत जुळवून घेतो. कॅमेऱ्याला तें साधत नाहीं. दारांतून बाहेरचें अंगण आणि आंतली चूल एकाच चित्रांत घ्यावयाची म्हटली तर एक जळणार किंवा दुसरी बुडणार. यावर पहिला उपाय म्हणजे उघडें दार चित्राबाहेर ठेवून त्याचाच दिव्यासारखा उपयोग करणें. दारासमोर अंगणांत पांढरी चादर अशी धरावी कीं ऊन तिच्यावरून उलटून आंत येईल. धाब्याच्या छतांत उजेडासाठीं ठेवलेला झरोका असेल तर त्यांतून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्याखालीं पांढऱ्या कापडानें झांकलेला पाट ठेवावा. सबंध खोली हळूच उजळते, आणि उजेड कोठून आला हें कोणास कळत नाहीं.

दिवा वापरावयाचा झाला तर अंतराचा नियम विसरूं नये. लहान दिव्यापासूनचें अंतर दुप्पट केलें तर उजेड चतुर्थांश होतो, तिप्पट केलें तर नवमांश. दिवा एका मीटरवर ठेवला आणि नटी एक मीटर मागें सरकली, तर तिच्यावरचा उजेड एकदम चौथाई उरतो. तोच दिवा चार मीटरांवर ठेवला तर तेवढेंच मागें सरकल्यानें उजेड सुमारें दोन तृतीयांश राहतो, आणि डोळ्यांना तो फरक फारसा जाणवत नाहीं. म्हणून एखादा जोरदार दिवा खोलींत कोंबण्यापेक्षां खिडकीबाहेर दूर ठेवणें चांगलें. विजेच्या दिव्यांचा आणखी एक दोष आहे. आपल्याकडील वीज सेकंदाला पन्नास आवर्तनें करते आणि दिव्याचा उजेड शंभर वेळां कमी-अधिक होतो. डोळ्यांना तें दिसत नाहीं. कॅमेऱ्याचा काळ त्याच्याशीं जुळला नाहीं तर चित्रावर पट्टे सरकतात किंवा तें लुकलुकतें. सेकंदाला २५ चित्रें आणि नेमका पन्नासांश काळ ठेवला कीं प्रत्येक चित्राच्या वांट्याला दोन पूर्ण चढउतार येतात आणि दोष नाहींसा होतो. रंगाचाहि विचार करावा लागतो. दुपारचें ऊन निळसर-पांढरें, जुना बल्ब पिवळा, समई त्याहून तांबूस. डोळा हे भेद पुसून टाकतो, कॅमेरा तसेच दाखवितो. एका दृश्यांत शक्यतों एकाच जातीचा उजेड ठेवावा. अगदीं स्वस्त एल. ई. डी. दिव्यांत तांबड्या रंगाचा अंश अपुरा असतो व चेहरा हिरवट, आजाऱ्यासारखा येतो. विकत घेण्यापूर्वीं त्याखालीं स्वतःचा हात चित्रित करून पाहावा.

रात्रीचा प्रश्न बीड जिल्ह्यांत केवळ कलेचा राहत नाहीं. दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यांतून ऊंसतोडणीसाठीं कुटुंबेंच्या कुटुंबें पश्चिम महाराष्ट्रांत आणि कर्नाटकांत जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि मजुरी तोडलेल्या उंसाच्या टनावर ठरते. त्यांचा दिवस पहांटेच्या अंधारांत सुरू होतो आणि रात्रीं कोपींत संपतो. त्यांच्यावर चित्रपट काढूं पाहणाऱ्या तरुणाला म्हणूनच जेथें उजेड सर्वांत कमी तेथें जावें लागतें. उजेडासाठीं काम थांबवून त्यांना उन्हांत उभें करणें म्हणजे त्यांच्या मजुरीचा तास खाणें होय. आणि कोपी ही वाळलेल्या पाचटाची असते. हॅलोजन दिव्याची कांच कांहीं शें अंश तापते; पाचटाच्या भिंतीजवळ असा दिवा ठेवणें हा निष्काळजीपणा क्षम्य नाहीं. तेथें बॅटरीवर चालणारा, कमी तापणारा एल. ई. डी. दिवाच न्यावा, तारा पायांखालीं येऊं देऊं नयेत, आणि पाण्याची घागर हाताशीं ठेवावी.

सुदैवानें आज थोडा उजेडहि पुरतो. अमेरिकन दिग्दर्शक स्टॅनले कुब्रिक यानें १९७५ सालच्या ‘बॅरी लिंडन’मध्यें मेणबत्त्यांच्या उजेडांत दृश्यें घेतलीं, तेव्हां त्याला अंतराळ-संशोधनासाठीं तयार केलेलीं, ०.७ छिद्राचीं अतिशय दुर्मिळ भिंगें मिळवावीं लागलीं, आणि फिल्मची ग्रहणशक्ति धुलाईंत वाढवून २०० करावी लागली. आजचा साधारण कॅमेरा ३२०० ग्रहणशक्तीवर चालतो, म्हणजे सोळापट. त्याला १.८ छिद्राचें स्वस्त भिंग लावलें तर तें कुब्रिकच्या भिंगाच्या सुमारें सहावा-सातवा भागच उजेड आंत घेतें. तरीहि एकंदर हिशेबांत हा कॅमेरा दुपटीहून अधिक सरस ठरतो. कोपींतल्या एका दिव्यावर चेहरा दिसूं शकतो तो यामुळें. मात्र इतक्या मोठ्या छिद्रानें डोळे स्पष्ट तर कान अस्पष्ट असें होतें. म्हणून नटानें फार हालूं नये. रात्र दाखवावयाची तर ती काळी असूं द्यावी. माणूस ज्या दिव्याकडे पाहतो आहे तो दिवा चित्रांतच ठेवावा, त्याच दिशेनें दुसरा मंद दिवा कापडावरून उलटवावा, आणि बाकी सारें अंधारांत सोडावें. सगळी खोली सारखी उजळली कीं रात्र उरत नाहीं.

उघड्यावरच्या रात्रीसाठीं संधिप्रकाश धरावा. पौर्णिमेचा चंद्र पाव लक्सहि कष्टानेंच देतो. त्यावर सर्वसामान्य कॅमेऱ्याचें भागत नाहीं. सूर्य बुडाल्यावर वीस-पंचवीस मिनिटें आकाशांत निळसर उजेड राहतो. त्या वेळांत एक-दोन पायऱ्या कमी उजेडावर चित्र घेतलें आणि दूरच्या घरांत दिवे लावून ठेवले, तर पडद्यावर रात्र दिसते आणि डोंगराची कडाहि दिसते. एवढ्या वेळांत दोन-तीन प्रयत्नच होतात, म्हणून तालीम आधींच झालेली असावी.

या सर्व साधनांची यादी केली तर ती एका पिशवींत मावते: करडी कांच, मांजरपाट, बांबू व दोरी, पांढरा व चंदेरी पुठ्ठा, राखी कार्डाचा तुकडा, दोन चांगले बॅटरीचे दिवे. यांहून महाग असें एकच साधन आहे, तें म्हणजे आधीं दिलेला वेळ. ज्या जागीं चित्रीकरण करावयाचें तेथें एक दिवस कॅमेरा न उघडतां बसावें. ऊन कोणत्या भिंतीवर कधीं येतें, कोणत्या खिडकींतून कधीं जातें, याची वेळ वहींत टिपावी. दुसऱ्या दिवशीं प्रत्येक जागेचें दहा सेकंदांचें चित्र घेऊन तें मोठ्या पडद्यावर पाहावें. फोनच्या लहान कांचेवर जो काळोख चांगला वाटतो तो मोठ्या पडद्यावर चिखलासारखा दिसतो, आणि हें शेवटच्या दिवशीं कळण्यापेक्षां पहिल्या दिवशीं कळलेलें बरें.

मोठा स्टुडिओ सूर्याला बाहेर ठेवूं शकतो. गरीब चित्रपटाला त्याच्याशीं जमवून घ्यावें लागतें. परंतु या जमवून घेण्यांतच त्याला एक गोष्ट साधतां येते. बीडची माती, तिथलें ऊन, तिथल्या माणसाच्या कातडीचा रंग यांना बरोबर लागू पडेल असें माप दूरच्या स्टुडिओंत ठरवून मिळत नाहीं. तें त्या शिवारांतच, त्या माणसाच्या चेहऱ्यासमोर ठरवावें लागतें. तें ज्यानें ठरविलें त्याच्या चित्रपटांत त्या मुलखाचा माणूस ओळखूं येईल, आणि पडद्यासमोर बसलेल्या त्याच्या गांवकऱ्यांनाहि तो आपलाच वाटेल.